बाहीची लांबी

कोर्टाच्या मागच्या फाटकासमोर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट म्हणा. एक मशीन, कापड बेतायचं एक टेबल, एक बिनमुंडक्याचा लाकडी पुतळा आणि उरलेल्या जागेत मास्तर. तिथे फक्त काळे गाऊन शिवले जात. वकिलांचे आणि न्यायाधीशांचे. पुतळ्याकडे बघून वकील मंडळी म्हणायची, "मास्तर, हा तुमचा गडी अगदी आमच्या अशिलांसारखा. काहीही अंगावर चढवा, हूं की चूं नाही."

मास्तर हसायचे. अलीकडे हसत नसत.

वडिलांच्या वेळेपासून दुकानाचा एक नियम चालत आला होता. माप घेताना कानावर पडलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. अंगाला टेप लागली की माणूस सैल होतो आणि बोलतो. कुणाची बदली होणार, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या मुलाने काय दिवे लावले, सगळं मास्तरांच्या पोटात जाई आणि तिथेच राही. म्हणून तर मोठमोठी माणसं त्या फटीत वाकून शिरायची. नाहीतर शिंपी काय कमी होते?

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा शिपाई आला.

"मास्तर, टेप घ्या आणि चला. साहेबांचं माप घ्यायचंय."

"त्यांचं माप आहे की माझ्याकडे."

"ते जुन्या गाऊनचं." शिपायाने मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता वरच्या कोर्टाचा हवाय. बढती झाली साहेबांची. जाहीर व्हायचंय अजून, तेव्हा तोंडाला कुलूप."

मास्तरांच्या हातातली कात्री टेबलावर पडली. शिपायाने ती उचलून त्यांच्या हातात दिली. त्याला माहीत होतं. कोर्टातल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं, फक्त साहेबांना नव्हतं. मास्तरांच्या मुलीचा जामीनअर्ज याच साहेबांपुढे पडून होता. कागदांवर तिचं सासरचं नाव होतं. नवरा मात्र पहिल्या दोन भेटींनंतर तुरुंगाकडे फिरकला नव्हता.

मुलगी नर्स होती. दवाखान्यात एक पेशंट इंजेक्शननंतर दगावला. औषध सांगणारे डॉक्टर, टोचणारी ती. दोघांनाही धरलं. डॉक्टरांचा अर्ज दुसऱ्या साहेबांपुढे लागला आणि आठवड्यात ते घरी आले. तिचा अर्ज तिसऱ्या मजल्यावर गेला. दोन्ही बाजूंचं म्हणणं साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि निकाल राखून ठेवला. तेव्हा कोर्टात पंखे गरगरत होते, वकील गाऊनच्या बाहीने घाम पुसत होते. आता लोक स्वेटर घालून येत होते आणि निकाल राखलेलाच होता.

राखून ठेवणारे साहेबच निघून गेले, तर काय होतं हे मास्तरांनी पुष्कळ वेळा ऐकलं होतं. नवे साहेब येतात. त्यांनी काही ऐकलेलं नसतं. सगळं पहिल्यापासून.

*

चेंबरमध्ये शिरण्यापूर्वी मास्तरांनी चार टाचण्या ओठांत धरल्या. तशी मापाला टाचण्या लागत नाहीत. पण तोंड रिकामं ठेवायची त्यांना भीती वाटत होती. मुलीच्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मास्तर, साहेबांशी बाहेर एक अवाक्षरही नाही. तुम्ही काही बोललात तर ते केसच सोडतील आणि आपण पुन्हा रांगेच्या शेवटी."

साहेब उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, चेहऱ्यावर झोप न झाल्याची सूज. माणूस वाईट नव्हता. मास्तरांना हेच जास्त सलायचं. लाचखाऊ किंवा उर्मट असता, तर घरी बसून चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. साहेब कुणावर ओरडत नसत. मास्तरांना बसायला खुर्ची पुढे करत. फक्त काहीही ठरवायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"बाही किती ठेवू, साहेब?" मास्तरांनी टाचण्यांमधून विचारलं. "मनगटापर्यंत, की खाली?"

"मनगटापर्यंत बरी." साहेबांनी हात लांब करून बघितला. "पण खाली जरा भारदस्त दिसते, नाही का?"

"दिसते."

"लिहिताना मध्ये येईल पण."

"येईल थोडी."

"म्हणजे मनगटच. पण शपथेच्या वेळी हात वर केला की कोपरापर्यंत सरकेल ती. विचित्र दिसेल ते." साहेबांनी हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. "राहू द्या आत्ता. ट्रायलच्या वेळी सांगतो."

मास्तर पाठीमागे गेले. खांद्यावरून समोरचं टेबल दिसत होतं. फायलींचे गठ्ठे एकावर एक, काहींच्या फिती विटलेल्या. यातल्याच कुठल्या तरी गठ्ठ्यात पोर दाबून ठेवली आहे, असं त्यांच्या मनात आलं. हात लांब केला असता तर फायलींना लागला असता. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी टाचण्या इतक्या घट्ट धरल्या की जिभेला रक्ताची चव आली.

"मास्तर, घाई नको," साहेब प्रेमाने म्हणाले. "उशीर झाला तरी चालेल, पण काम नीट व्हायला हवं."

*

भेटीच्या दिवशी मास्तर आणि त्यांची बायको तुरुंगात गेले. मध्ये जाळी, जाळीपलीकडे मुलगी. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, म्हणून घरात तिचं नावच टकळी पडलं होतं. आधीच्या भेटींत ती पहिलं वाक्य विचारायची, "तारीख कधी?" मग सगळी कोठडी तोंडपाठ सांगायची. कोण घोरतं, कोण भांडतं, कोणाला कुठलं औषध द्यायला हवं आणि देत नाहीत.

त्या दिवशी तिने विचारलंच नाही. पहारेकरीण बाईंच्या हातून एक पुडकं पाठवलं. त्यात तिचा कंगवा होता, वाचायला नेलेलं पुस्तक होतं आणि मास्तरांनी शिवून दिलेला निळा कुडता होता.

"हे घरी न्या. इथे कशाला?"

"अगं, कंगवा लागतो की," आई म्हणाली.

"नाही लागत." तिचे केस खरंच विंचरलेले नव्हते. "बाबा, तुम्ही उन्हातान्हाचे येत जाऊ नका."

"ऊन कुठंय टकळे, थंडी पडलीय."

"हो का?" ती म्हणाली आणि वेळ संपायच्या आधीच उठून गेली.

पहारेकरीण बाई फाटकापर्यंत आल्या. "मास्तर, ती जेवण दुसऱ्यांना देऊन टाकते. आम्ही लक्ष ठेवतोय हो. पण आम्ही दोघी आणि बायका एवढ्या. किती पुरे पडणार?" मग आणखी हळू, "काय ते लवकर करा."

बसमध्ये बायको पुडकं छातीशी धरून बसली होती. मास्तरांनी कंगवा तेवढा काढून घेतला आणि खिशात ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात वरच्या कोर्टाचा गाऊन कच्च्या टाक्यांवर पुतळ्याच्या अंगावर उभा राहिला. खांद्याला दुहेरी चुण्या, आत चकाकतं अस्तर. मास्तर एरवी असा गाऊन आठवड्यात हातावेगळा करत. पण त्याच्याकडे बघताना त्यांच्या डोक्यात एक विचार आला आणि घर करून बसला. हा गाऊन तयार झाला की साहेब जाणार. तयार झाला नाही, तर नाही जाणार. आणि आहेत तोवर कधी तरी लिहितीलच.

आयुष्यभर वेळेवर काम दिलेल्या माणसाच्या डोक्यात असलं खूळ शिरलं, की ते काढणं फार कठीण.

शिपाई आला. "झाला?"

"अस्तर ओढतंय जरा. दोन दिवसांनी या."

दोन दिवसांनी तो आला. "झाला?"

"मशीनचा पट्टा तुटलाय. सोमवारी बघा."

सोमवारी मास्तरांनी बाहीचं कारण सांगितलं. साहेबांनी लांबी ठरवलेली नाही, मी कशी घालू? शिपाई कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मास्तर, तुम्ही तर अगदी तिसऱ्या मजल्यासारखं बोलायला लागलात! उद्या मला तारीख छापून द्याल."

मास्तरांच्या अंगात त्या दिवशी जराशी धुगधुगी आली. घरी जाऊन त्यांनी बायकोला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.

"म्हणजे साहेब जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि वकीलबाईंना?"

"त्यांना कसं सांगणार? गिऱ्हाइकाची गोष्ट आहे."

"गिऱ्हाइकाची!" तिने कणकेचा हात तसाच उगारला. "तुमची पोर कोण आहे मग? पुतळा? अहो, तोंडात टाचण्या धरून धरून तुमची जीभच शिवली गेलीय का?"

"गाऊन मी अडवून धरलाय ना! साहेब जातील कसे?"

तिने उगारलेला हात खाली घेतला. मग पुन्हा कणकेकडे वळली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मास्तरांना वाटलं हसते आहे. ती रडत होती.

तरीही ते वकीलबाईंकडे गेले नाहीत. उद्या जाऊ, म्हणाले. सवय जात नाही माणसाची. घर जळत असलं तरी हात नेहमीच्याच फडताळाकडे जातो.

शेवटी वकीलबाईच दुकानात आल्या, स्वतःच्या गाऊनची उसवलेली बगल घेऊन. तरुण मुलगी, सदा धावपळीत. आत शिरल्या आणि पुतळ्यासमोर थबकल्या.

"हा वरच्या कोर्टाचा. कुणाचा?"

मास्तर सुईत दोरा ओवू लागले.

"मास्तर, कुणाचा?"

मास्तरांनी मान खाली घातली आणि ती मान बघूनच वकीलबाईंना कळलं. त्या स्टुलावर बसल्या.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"झाले... पंधराएक दिवस. पण मी पूर्ण करत नाहीये, बाई. तो तयार होईस्तोवर साहेब..."

"गाऊन नाही म्हणून माणूस जायचा थांबतो?" त्यांचा आवाज चिरकला. "उसना घालतील! शपथेचा दिवस तुमच्या सुईवर ठरतो का? पंधरा दिवसांपूर्वी कळलं असतं तर मी वरच्या कोर्टाला म्हटलं असतं, अर्ज तुम्हीच ऐका. वेळ होता. आता..." त्यांनी डोळे मिटले. "चूक माझीही आहे. तुम्ही किती वेळा म्हणालात वर जाऊ या. मीच म्हणत राहिले, थांबू, साहेबांना डिवचलं तर रागाने नाही म्हणतील. सगळेच थांबलो आपण."

"आता काय होईल?"

"उद्या सकाळी वर जाते. तुम्ही या." उठताना त्यांनी पुतळ्याकडे बोट केलं. "आणि तो पूर्ण करा. तुम्ही अडवून धरलाय हे कुणाच्या कानी गेलं तर वेगळंच लफडं होईल. मी काही बघितलेलं नाही."

त्याच संध्याकाळी तुरुंगातून निरोप आला. मुलीला आजारी बायकांच्या खोलीत हलवलं होतं. तिने जेवण पूर्ण सोडलं होतं.

*

वरच्या कोर्टात मास्तर शेवटच्या बाकावर बसले. समोरच्या वयस्कर न्यायाधीशांचा गाऊन त्यांचाच होता. डाव्या खांद्याची चुणी उसवायला आलेली त्यांना इतक्या लांबून दिसली. त्या चुणीवर डोळे लावून ते बसून राहिले, कारण दुसरीकडे बघायचं धैर्य नव्हतं.

वकीलबाई बोलल्या. सरकारी वकील म्हणाले, खालच्या कोर्टावर कामाचा फार भार आहे.

"भार सगळ्यांवर आहे," न्यायाधीश म्हणाले. "म्हणणं ऐकून झालं उन्हाळ्यात. मग अडलं कशाला?"

सरकारी वकील कागद चाळू लागले.

"जामिनाचा अर्ज आहे हा. हो म्हणा, नाही म्हणा. नाही म्हटलंत तर ही बाई आमच्या दारात येऊ शकते. काहीच म्हटलं नाहीत तर तिने जायचं कुठे?" त्यांनी चष्मा काढला. "साहेब चार्ज कधी सोडतायत?"

"शुक्रवारी संध्याकाळी."

"मग शुक्रवारी संध्याकाळच्या आत निकाल. चार्ज सोडण्याआधी. आणि आजच कळवा."

बाहेर आल्यावर मास्तरांनी वकीलबाईंचे पायच धरले असते. त्यांनी हात धरून अडवलं. "अजून काही मिळालेलं नाही, मास्तर. फक्त उत्तर द्या असं सांगितलंय."

*

शुक्रवारी सकाळी शिपाई पळतच आला. "मास्तर, गाऊन! आज ट्रायल नाही झाली तर माझी नोकरी जाईल."

गाऊन तयार होता, बाहीची दुमड सोडून. मास्तर तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन तीन मजले चढले, आजारी माणसाला न्यावं तसे.

टेबलावरचे गठ्ठे निघून गेले होते. एकच फाईल उघडी पडली होती. साहेबांनी काही न बोलता हात मागे केले आणि मास्तरांनी गाऊन चढवला. खांदे बरोबर बसले. पाठ बरोबर बसली. मास्तर गुडघ्यांवर बसून खालची कड बघू लागले. या वेळी त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. बोलायचं तर आत्ताच. साहेब, ती माझी मुलगी आहे. जेवत नाही साहेब. एवढंच.

त्यांनी वर बघितलं. साहेब फाईलकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. मुलीला जाळीआड बघताना मास्तरांच्या चेहऱ्यावर जशी असेल तशीच, उघडी भीती. मास्तरांना जन्मात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाची किळस आली, आणि दयाही. त्यांनी खडू हातात घेतला.

"बाही, साहेब?"

"तुम्हीच ठरवा," साहेब म्हणाले. "मला नका विचारू आता."

मास्तरांनी मनगटाच्या हाडाखाली दोन बोटांवर खडूची रेघ मारली. दुकानात जाऊन हाताने तुरपाई घातली. मनात आलं होतं की एक बाही आखूड ठेवावी. पण हाताला वाकडं जमेना. दुपारी गाऊन शिपायाच्या स्वाधीन केला आणि दुकान बंद करून ते कोर्टात जाऊन उभे राहिले.

कोर्ट उठायची वेळ होत आली तेव्हा साहेबांनी मुलीचं नाव वाचलं. अंगावर जुनाच गाऊन होता. वाचताना त्यांची नजर वकीलबाईंच्या मागे गेली. तिथे मास्तर हात जोडून उभे होते. साहेब वाचता वाचता अडखळले. मास्तरांकडे, मग फाईलवरच्या नावाकडे, मग परत मास्तरांकडे बघितलं. जुन्या बाह्या त्यांनी खाली ओढल्या, जशा काही त्या हात झाकायला पुरत नव्हत्या.

"अर्ज नामंजूर," साहेबांनी वाचलं आणि उठले.

मास्तर वकीलबाईंच्या मागोमाग बाहेर आले. जिन्यावर त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. "पंख्यापासून स्वेटरपर्यंत वाट बघितली, बाई. एवढं एक नाही म्हणायला?"

वकीलबाई जिन्यातच बसल्या होत्या, मांडीवर कागद घेऊन लिहीत. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नव्हतं. "नाही तर नाही. नाही म्हणाले म्हणून आता वर जाता येतं. सोमवारी अर्ज दाखल करते."

"आणि वर हेच साहेब बसलेले असले तर?"

"त्यांच्यापुढे नाही येणार. आपल्याच निकालावर कुणाला बसता येत नाही."

"वरचे हो म्हणतील?"

"माहीत नाही, मास्तर. खोटं नाही सांगणार. पण ते म्हणतील काहीतरी."

*

शनिवारी मास्तर एकटेच तुरुंगात गेले. बायको म्हणाली होती, तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं नाही होणार. आजारी बायकांच्या खोलीजवळ वेगळी जाळी होती. पहारेकरीण बाईंनी मुलीला धरून आणलं. गाल आत गेले होते. ती बसली आणि जाळीच्या खालच्या कडेकडे बघत राहिली.

वाटभर मास्तरांनी वाक्यं जुळवली होती. तोंड उघडल्यावर एकच निघालं. "टकळे, अर्ज नामंजूर झाला."

ती जाळीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मास्तरांना वाटलं, ऐकलंच नाही. वाटलं, आपण येऊन सांगायला नको होतं. खाली पहारेकरीण बाईंचे बूट दिसत होते, ते सुद्धा हलत नव्हते.

"कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"साहेब. काल. वाचून दाखवलं."

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"काय कारण दिलं?"

मास्तरांना कारण आठवेना. त्यांनी ऐकलंच नव्हतं. "वकीलबाईंना माहीत आहे. त्या सोमवारी वर जातायत. वरच्यांनीच साहेबांना भाग पाडलं बोलायला, नाहीतर..." त्यांनी जाळी धरली. "टकळे, मला आधीच माहीत होतं साहेब जाणार ते. मी कुणाला सांगितलं नाही. गाऊन अडवून बसलो. मला वाटलं..."

"गाऊन अडवलात?" तिने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही? बाबा, तुम्ही कुणाला एक दिवस उशीर केला नाही कधी."

"केला."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं असं काही नव्हतं ते. मग ती पुन्हा खाली बघू लागली, आणि मास्तरांना वाटलं, गेली, परत गेली आत.

"मग आता पुढची तारीख कधी?" ती म्हणाली.

मास्तरांनी जाळीला कपाळ टेकलं. त्यांना तारीख माहीत नव्हती. "सोमवारी कळेल," ते म्हणाले. "कळली की येतो." आणि खिशातून कंगवा काढून त्यांनी पहारेकरीण बाईंच्या पुढे धरला. बाईंनी तो उलटासुलटा बघितला आणि आत दिला. मुलीने घेतला. केस विंचरले नाहीत. नुसता मुठीत धरून बसली.